रेझर क्लॅम हाती का लागत नाहीत, आणि लागले तर का फुटतात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. डिसेंबरमध्ये बेलव्ह्यूहून घरचे चौघं जण रेझर क्लॅम, म्हणजे वाळूत राहणारे शिंपले, काढायला वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरच्या ओशन शोर्सला गेलात. सोबत भाड्याने आणलेली क्लॅम गन, म्हणजे वाळूतून शिंपले उपसायची नळी, होती. तक्त्यात ओहोटीची जी वेळ दिली होती त्याच मिनिटाला वाळूत उतरलात, तासभर खणलंत आणि मिळाले चार शिंपले, त्यातले दोन फुटलेले. शेजारचं कुटुंब तुम्ही पोचलात तेव्हा आवरून निघालं होतं, तेही भरलेल्या जाळ्या घेऊन. आता गन सोडून फावडं घ्यावं का, व्हिडिओत दाखवतात तसं भोकात मीठ ओतावं का, फुटलेले तिथेच टाकले तर चालतं का, शिंपल्यांत साठणारं डोमोइक ॲसिड हे विष शिजवल्यावर जातं का आणि कोकणातल्या तिसऱ्या शिंपल्यांसारखं सुकं करता येईल का, हे तुम्हाला हवंय. मालवणला आजीबरोबर खाडीत तिसऱ्या काढल्या होत्या, म्हणून हे सोपं जाईल असं वाटलं होतं, असंही तुम्ही लिहिलंय.

अडचणीचं मूळ या शेवटच्या वाक्यात आहे. तिसरी उथळच असते. हात लागला की ती शिंपा मिटून जागच्या जागी बसते. तिथे बोटांनी चाचपत, उकरत पुढे सरकलं की टोपली भरते. वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरचा रेझर क्लॅम, म्हणजे सिलिक्वा पॅट्युला, मिटून बसत नाही. पळतो, आणि पळतो सरळ खाली. आंधळेपणाने उकरून तो कधीच मिळणार नाही. त्याची खूण दिसली तरच खणायचं, नाही तर चालत राहायचं. शेजारच्या कुटुंबाचे हात तुमच्यापेक्षा जलद होते असं मला वाटत नाही. ते दीड तास आधी आले होते आणि नेमक्या जागी खणत होते, एवढाच फरक असावा.

आता वेळेचं बघू. उधाण-भांग, म्हणजे चंद्राप्रमाणे मोठी-लहान होणारी भरती-ओहोटी, तुम्हाला माहीत आहे, म्हणून फक्त इथलं वेगळेपण सांगते. इथे दिवसाच्या दोन ओहोट्यांत बराच फरक असतो, एक खोल जाते आणि दुसरी वरच थांबते. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात खोल ओहोटी संध्याकाळी किंवा रात्री येते, मार्च-एप्रिलपासून ती सकाळकडे सरकते. तक्त्यातलं शून्य म्हणजे रोजच्या खोल ओहोट्यांची सरासरी पातळी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी त्याच्याही खाली उतरतं. खणायला परवानगी असलेले हंगामाचे दिवस ठरतात ते याच ओहोट्यांच्या हिशेबाने. तक्त्यात संध्याकाळी सातची वेळ असेल तर मी साडेपाचला वाळूवर असते. पाणी मागे सरकत असताना त्याच्या कडेकडेने चालायचं असतं, कारण नुकत्याच उघड्या पडलेल्या ओल्या वाळूत शिंपले वर असतात आणि त्यांच्या खुणा ताज्या असतात. सातला पाणी थबकतं आणि मग परत फिरतं. त्या वेळी सुरुवात केली की उरलेला सगळा वेळ चढत्या पाण्याशी झगडण्यात जातो.

वेळ पाळली तरी समुद्राची मर्जी उरतेच. तक्ता चंद्र-सूर्याच्या हिशेबाने बनतो, त्याला वादळ ठाऊक नसतं. हवेचा दाब उतरला असेल आणि नैऋत्येचा वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलत असेल, तर कागदावर उणे एक फूट असलेली ओहोटी प्रत्यक्षात तितकी उतरत नाही. मोठ्या लाटा असतील तर उघड्या वाळूवर सतत पाण्याचा थर चढत-उतरत राहतो, आणि शिंपलेही खोल जाऊन गप्प बसतात. म्हणून मी ओहोटीच्या आकड्याआधी लाटांचा अंदाज बघते. दहा फुटांच्या वर लाटा सांगितल्या असतील आणि सोबत मुलं असतील तर अडीच-तीन तासांचा रस्ता तुडवत मी जात नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी समुद्र कसा होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो खवळलेला असेल तर चार शिंपले म्हणजे अगदीच वाईट नव्हे.

खुणांबद्दल जरा सावकाश सांगते, कारण निम्मं काम इथेच होतं. शिंपला वाळूत उभा असतो आणि मान वर काढून पाणी गाळत खात असतो. धोका जाणवला की मान आत ओढतो आणि वर खूण उरते. सगळ्यात जास्त दिसते ती छोटीशी खळगी. दुसरी खूण गोल वड्याच्या आकाराची, कडा उचललेली आणि मध्ये भोक. तिसरी साधारण कुलपाच्या छिद्रासारखी, मधे आवळलेली, ती वाळू थोडी सुकलेली असेल तिथे दिसते. नवख्या माणसाने मोठीच खूण निवडावी. मोठ्या खुणेखाली मोठा शिंपला असतोच असं नाही, पण शक्यता बरीच वाढते. खूण दिसत नसेल तर फावड्याच्या दांड्याने किंवा पाय आपटून वाळूवर ठोके द्यायचे आणि आजूबाजूला बघायचं. दचकलेला शिंपला मान ओढून घेतो, कधी पाण्याची चिळकांडीही उडते. घोटाभर पाण्यात तर मानेचं टोकच वर आलेलं दिसतं, पण तिथून काढायला खरोखर जलद हात लागतात, ते पहिल्या वर्षी नको. रात्री डोक्यावरच्या दिव्यापेक्षा हातातला कंदील मला बरा वाटतो. उजेड खालून, आडवा पडला की खळगीची सावली उठून दिसते. वरून पडलेल्या उजेडात सगळी वाळू सपाट भासते.

आता तो पळतो कसा, ते समजून घ्या, म्हणजे गन आणि फावड्याचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. त्याचा पाय मांसल आणि लांब असतो. तो पाय खाली वाळूत खुपसतो, टोक फुगवून रुतवतो आणि मग स्नायू आखडून शिंपा खाली ओढून घेतो. हे तो पुन्हा पुन्हा करतो, आणि मऊ, भिजलेल्या वाळूत मिनिटाला फुटाच्या आसपास खाली जातो. अटलांटिक किनाऱ्यावरच्या त्याच्या नात्यातल्या शिंपल्यावर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी काम केलंय. शिंपा झटकन मिटताना भोवतीच्या वाळूत पाणी खेचलं जातं, ती क्षणभर पातळ होते आणि त्यातून खाली सरकायला फारच कमी जोर लागतो, असं त्यांना आढळलं. त्यावरून त्यांनी ‘रोबोक्लॅम’ नावाचं खणणारं यंत्रही बनवलं. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच की तो आडवा जात नाही. घाईने चहूबाजूंनी खड्डा रुंद करत गेलात तर वेळ तुमचा जातो, त्याचा नाही. खूण जिथे होती त्याच्या थेट खाली तो असतो, फक्त आणखी खोल.

गन म्हणजे वर मूठ आणि हवेचं छिद्र असलेली नळी. सरबतात बुडवलेल्या स्ट्रॉचं वरचं तोंड बोटाने दाबून ती उचलली की सरबत आतच राहतं, तेच इथे वाळूचं होतं. खूण नळीच्या बरोबर मध्यावर घ्यायची, उजवी-डावीकडे हलकेच डोलवत नळी सहा ते दहा इंच खाली न्यायची, मग छिद्रावर अंगठा दाबून वाळूचा खांब वर काढायचा. जोर पायांचा लावायचा, कमरेचा नाही. अंगठा सोडला की वाळू बाहेर पडते. त्यात शिंपला नसेल तर त्याच भोकात पुन्हा नळी घाला किंवा हात घाला, बऱ्याचदा तो तिथेच तळाशी लागतो. तुमचे दोन शिंपले का फुटले याचं मला दिसणारं कारण म्हणजे नळी खुणेच्या मध्यावर नव्हती. शिंपा पातळ आणि ठिसूळ असतो, नळीची कड त्याच्यावर आली की तो चिरतोच. बारीक नळीत ही शक्यता आणखी वाढते. इथल्या नियमात गोल नळीचा बाहेरचा व्यास किमान चार इंच असावा लागतो. विकत घ्यायची असेल तर त्याहून थोडी रुंद घ्या, आणि छिद्र वाळूने बुजलेलं नाही ना हे दर वेळी बघा. छिद्र बुजलं की नळी वाळूत अडकून बसते आणि माणूस ती ओढताना कंबर दुखावून घेतो.

फावडं घ्यावं का, हे तुमच्या पाठीवर आणि सरावावर अवलंबून आहे. क्लॅमचं फावडं अरुंद आणि लांब पात्याचं असतं, बागेतलं नेऊ नका. पातं खुणेपासून चार ते सहा इंच समुद्राच्या बाजूला धरायचं, दांडा किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांकडे, गुडघा टेकून अंगाच्या वजनाने पातं सरळ उभं खाली दाबायचं. मग दांडा अगदी थोडा मागे घ्यायचा, वाळूची पकड सुटेल इतकाच, आणि वाळू वर-पुढे उचलायची. पातं तिरपं झालं की ते शिंप्यावर आपटतं. असे दोन-तीन घास काढून झाले की फावडं बाजूला ठेवून हात घालायचा. फावड्यात मेहनत कमी आणि वेग जास्त, पण हात बसेपर्यंत मोडतोड फार होते. माझं मत विचाराल तर या हंगामात गनच ठेवा, आणि फावडं पुढच्या वर्षी एकाच माणसाने शिकावं. दोन्ही प्रकारांत शेवटचं काम हातालाच करावं लागतं. भोकात हात घालून शिंपा दोन बोटांत धरा, हलवत हलवत वाळूची पकड सोडवा आणि मग वर घ्या. मान धरून ओढू नका, ती तुटून हातात येते. कडा धारदार असतात, म्हणून मुलांच्या हातात पातळ रबरी हातमोजे असू द्यात.

मिठाचा तो व्हिडिओ बहुधा ब्रिटन-युरोपच्या किनाऱ्यावरचा असणार. तिथला लांब, सुरीच्या मुठीसारखा शिंपला वेगळ्या वंशाचा, एन्सिसचा, आणि तो मिठाने खरोखर वर येतो. इथल्या नियमात हात, फावडं आणि नळी एवढीच साधनं आहेत. मीठ घरीच राहू द्या.

फुटलेले शिंपले टाकू नका. या मुद्द्यावर मी हट्टी आहे. राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाचा नियम असा की माणशी रोज पहिले काढलेले १५ शिंपले ठेवायचे, लहान, मोठे, फुटके, जसे निघतील तसे, आणि ते मर्यादेत मोजायचे. कधी विभाग मर्यादा बदलतो, म्हणून जाण्याआधी बघून घ्या. फुटलेला किंवा खरचटलेला शिंपला वाळूत परत खुपसला तरी बहुतेकदा मरतो. बोटाएवढा निघाला म्हणून तो पुरून मोठा शोधत फिरणारी माणसं दर हंगामात दिसतात. त्यांच्या जाळीत १५ असतात आणि त्यांच्या मागे आणखी कित्येक मेलेले. फुटका शिंपला खायला काही वाईट नसतो, वाळू जास्त असते, दोनदा जास्त धुवायचा. आणखी एक, जे आपल्या घरांत सहज घडतं: एकाने सगळ्यांचे काढायचे आणि बाकीच्यांनी कंदील धरायचा, हे चालत नाही. प्रत्येकाने आपले आपण काढायचे आणि आपल्या वेगळ्या जाळीत ठेवायचे. १५ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला परवाना लागतो. लहान मुलांना परवाना लागत नाही, पण जाळी वेगळी लागतेच.

हा कडकपणा उगाच आलेला नाही. १९८३ च्या सुमारास कल्ल्यांच्या एका रोगाने इथले बहुतेक शिंपले मेले आणि १९८४ व १९८५ मध्ये खणणं बंद ठेवावं लागलं. शिवाय हा किनारा फक्त हौशी लोकांचा नाही. इथल्या मूळ रहिवासी क्विनॉल्ट लोकांसाठी हा शिंपला पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न आहे आणि विक्रीचा मालही. अमेरिकी सरकारबरोबरच्या १८५५-५६ च्या करारातला त्यांचा हक्क आहे, आणि ठरावीक पट्ट्यांचं नियोजन राज्य त्यांच्याबरोबर बसून करतं. मोक्लिप्स गावाच्या पुढे उत्तरेला त्यांची हद्द सुरू होते, तिथे शिरू नका. अमुक पट्टा आज बंद का, शेजारचा उघडा का, याचं उत्तर बऱ्याचदा या वाटपात आणि त्या पट्ट्यावर किती शिंपले मोजले गेले त्यात असतं.

डोमोइक ॲसिडचं उत्तर स्पष्ट आहे: शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. स्यूडो-निट्झशिया नावाचं सूक्ष्म शैवाल हे विष बनवतं, शिंपले ते शैवाल गाळून खातात आणि विष त्यांच्या अंगात साठतं. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे मसल जातीचे शिंपले खाऊन शंभरावर माणसं आजारी पडली, तिघं दगावली, आणि काही जण वाचले पण त्यांची नवी आठवण ठेवण्याची शक्ती गेली. १९९१ मध्ये तेच विष वॉशिंग्टनच्या रेझर क्लॅममध्ये सापडलं आणि हंगाम बंद झाला. २०१५ मध्ये प्रशांत महासागराचं पाणी असाधारण तापलं तेव्हा पुन्हा तेच झालं. रेझर क्लॅमचा त्रास असा की तो हे विष महिनोन्‌महिने, कधी वर्षाहूनही जास्त धरून ठेवतो, आणि ते त्याच्या मांसातही असतं. त्यामुळे पोट काढून टाकलं म्हणजे झालं, हा समज धोक्याचा आहे. पाणी स्वच्छ दिसतंय, शिंपला ताजा आहे, वास चांगला येतोय, यातलं काहीही तुम्हाला विषाबद्दल सांगत नाही. सांगते ती प्रयोगशाळा. दशलक्षात २० भाग ही खाण्याची मर्यादा आहे. राज्य हंगामाच्या तारखा आधी ‘तात्पुरत्या’ म्हणून जाहीर करतं आणि नमुने तपासल्यावर, खणण्याच्या काही दिवस आधी, पक्क्या करतं. हॉटेलचं बुकिंग तात्पुरत्या तारखांवर करत असाल तर ते रद्द करता येईल असंच करा. मर्यादेच्या आतले शिंपलेही रोजच्या जेवणात नकोत. गरोदर बायका, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी महिन्याला १५ पेक्षा कमी खावेत, असा इथल्या आरोग्य विभागाचा सल्ला आहे. तुमच्याबरोबर सासूबाई होत्या असं लिहिलंत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

किनाऱ्यावर वावरताना समुद्राला पाठ करून वाकू नका. इथे मधूनच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा खूप आत येते, आणि रबरी गमबूटात पाणी भरलं की मोठा माणूसही आडवा होतो. अंधारात मुलांच्या हाताला किंवा गळ्यात चमकणाऱ्या कांड्या बांधा. गाडी वाळूवर नेता येते, पण वरच्या घट्ट पट्ट्यातूनच, ताशी २५ मैलांच्या आत. खालच्या ओल्या वाळूत शिंपले असतात आणि चाकं रुततातही.

आता सुकं. तिसरी आपण शिंपेतली सगळीच खातो, इथे तसं करायचं नाही. पातेल्यात शिंपले ठेवून उकळतं पाणी ओता, शिंपा उघडल्या की लगेच गार पाण्यात टाका, नाही तर मांस शिजू लागतं. कात्रीने मानेचं टोक कापा, मान आणि पाय उभे चिरून उघडा, कल्ले आणि काळसर पोट काढून टाका आणि वाळू जाईपर्यंत धुवा. पायाजवळ काचेसारखी पारदर्शक, लवचिक काडी मिळेल. ती बघून माणसं घाबरतात, पण तो किडा नाही, पचनासाठी लागणारा त्याचाच अवयव आहे. ती काढून टाका.

पायाचा भाग कोवळा असतो, त्याला मीठ, हळद, तिखट, आगळ लावा, रव्यात घोळवा आणि कडकडीत तव्यावर प्रत्येक बाजू मिनिटभर ठेवा. त्याहून जास्त ठेवलात तर चिवट होतो. सुक्यासाठी कांदा, ओलं खोबरं, मालवणी मसाला आणि कोकम आधी पूर्ण शिजवून घ्या आणि शिंपले अगदी शेवटी घालून दोन मिनिटांत गॅस बंद करा. तिसऱ्यांसारखं झाकण ठेवून वाफ काढत बसू नका. माना चिवट असतात, त्या बारीक चिरून वेगळ्या गोठवा, कटलेटला छान लागतात. पिशवीवर तारीख आणि पट्ट्याचं नाव लिहा, म्हणजे नंतर एखाद्या पट्ट्याबद्दल सूचना निघाली तर कुठली पिशवी बाजूला ठेवायची ते कळेल.